उधन्यात लागणारं जळगाव

आकाशवाणीचं जळगाव केंद्र १९७६ साली सुरू झालं. मध्यम लहरी, ९६३ किलोहर्ट्झ, वीस किलोवॅटचा प्रक्षेपक. अशा जिल्ह्याच्या गावच्या केंद्राचा इतिहास कुणी लिहायला घेतला, की तो स्टुडिओपासून सुरू होतो. उद्घाटन कुणी केलं, पहिले निवेदक कोण, कोणते कलावंत तिथून पुढे आले. ते सगळं लिहिलं गेलंच पाहिजे. पण मी त्या स्टुडिओत कधी काम केलं नाही. मी उधन्यात रेडिओ दुरुस्त करत आलो. जळगावाहून रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटर अलीकडे, दुसऱ्या राज्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात. त्या केंद्राचा जो इतिहास मला ठाऊक आहे तो रेडिओचं मागचं झाकण उघडल्यावर दिसणारा आहे आणि तो मोठा आहे असं मी मानतो.

उधना हे सुरतेचं दक्षिणेकडचं अंग. मुंबई-वडोदरा मार्गावरून जळगावकडे जाणारा लोहमार्ग इथेच फुटतो. तापी व्हॅली रेल्वे म्हणून एकोणिसावं शतक संपताना हा मार्ग घातला गेला. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. खान्देशातली शेती पावसाच्या भरवशावर आणि सुरतेत लूमला माणसं हवीत, त्यामुळे या एका मार्गाने आमची गावंच्या गावं उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत येऊन राहिली. मीही अमळनेर तालुक्यातून तसाच आलो, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, लूमवर असलेल्या मामांच्या खोलीवर. लूमवर माझं मन बसलं नाही. रेडिओचं काम थोडं गावी शिकलो होतो, बाकीचं इथे एका जुन्या गुजराती कारागिराच्या हाताखाली शिकलो आणि मग एका बोळात स्वतःचं दुकान टाकलं.

तेव्हा खोल्या म्हणजे दहा-दहा, बारा-बारा माणसांच्या. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला. बारा तासांची पाळी, अंथरुणं तीच, माणसं बदलायची. रेडिओ एकाचा नसायचा, खोलीचा असायचा. वर्गणी काढून घेतलेला दोन बँडचा ट्रान्झिस्टर, सेल महाग म्हणून त्याला एलिमिनेटर जोडलेला. तो बिघडला की खोलीतला जो सगळ्यांत मोठा, ज्याला सगळे आप्पा किंवा नाना म्हणत, तो पिशवीत घालून दुकानात आणायचा. काय बिघडलंय हे तो सांगत नसे. विचारायचा एवढंच, "भाऊ, जळगाव लागस का?"

या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली, कारण ते उत्तर रेडिओत कमी आणि आकाशात जास्त होतं. मध्यम लहरींचा आवाज दिवसा जमिनीला धरून चालतो. वीस किलोवॅटच्या केंद्राची ती चाल जळगावाहून नंदुरबारच्या आसपास येईतो थकते. उधन्यापर्यंत दिवसा ती पोहोचत नाही, पोहोचली तरी कुजबुजीपलीकडे नाही. सूर्य मावळला की वरच्या वातावरणातला जो थर दिवसा या लहरी शोषून घेतो तो विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लहरी दूरवर खाली उतरतात. म्हणून दिवेलागणीनंतर उधन्यात जळगाव हळूहळू वर यायचं. हिवाळ्यात लवकर, उन्हाळ्यात उशिरा. आलं तरी एकसारखं राहायचं नाही. आवाज भरायचा, ओसरायचा, मध्येच घोगरा व्हायचा. त्याला आमचे लोक म्हणायचे, "आवाज येस-जास." पुस्तकातलं नाव मला पुढे कळलं, पण काम करताना मी हेच शब्द वापरले, गिऱ्हाइकाला तेच समजत.

लहरींवर माझा इलाज नव्हता, पण रेडिओवर होता. त्यातला एक तर फुकटचा होता. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटचा काळा दांडा असतो, त्यावर तारेची कॉइल. हा दांडा ज्या दिशेला आडवा पडतो त्या दिशेचा आवाज उत्तम पकडतो आणि ज्या दिशेला त्याचं टोक असतं तिकडचा आवाज मारतो. नकाशा काढून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की उधन्याहून जळगाव जवळजवळ नेमकं पूर्वेला आहे आणि अहमदाबाद उत्तरेला. म्हणजे दांडा दक्षिणोत्तर ठेवला, रेडिओचं तोंड पूर्वेकडे केलं, की जळगाव वाढतं आणि ८४६ किलोहर्ट्झवरचं दोनशे किलोवॅटचं दांडगं अहमदाबाद केंद्र दबतं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगायचो. काही खोल्यांत भिंतीवर पूर्वेच्या बाजूला खास फळी ठोकली गेली आणि जळगाव लावायचं तर रेडिओ तिथे ठेवायचा असा नियम झाला. पुण्यासाठी वेगळी युक्ती करावी लागे. पुणे ७९२ वर, त्याच्या शेजारी ८१० वर राजकोट, ते पुण्याच्या तिप्पट ताकदीचं. तिथे रेडिओ तिरपा धरून दांड्याचं टोक राजकोटकडे केलं, तर पुणे जेमतेम वेगळं काढता येई. मुंबईचं ५५८ मात्र किनाऱ्याकिनाऱ्याने दिवसाही यायचं. मराठी ऐकायची एवढीच भूक असती तर मुंबईने ती भागली असती. आमच्या लोकांना जळगाव हवं होतं.

का हवं होतं, हे मी दुकानात बसून ऐकलं आहे. त्या केंद्रावर आपल्या तालुक्यांची नावं यायची. चोपडा, यावल, रावेर, पारोळा, एरंडोल. बाजारभाव यायचे. शेतीच्या कार्यक्रमात कापसावरच्या अळीबद्दल बोललं जायचं, आणि इथे लूमवर बारा तास उभा असलेला माणूस ते कान देऊन ऐकायचा, कारण त्याचे चार बिघे तिकडे भावाच्या हाती होते. कधी अहिराणी कानावर पडली तर खोली गप्प व्हायची. अहिराणीला शाळेत जागा नाही, सुरतेच्या बाजारात नाही. यंत्रातून, पगारी निवेदकाच्या तोंडून ती ऐकू आली की आपल्या बोलीलाही सरकारदरबारी मान आहे असं वाटायचं. बहिणाबाई चौधरींचं आसोदे गाव जळगावला लागूनच. त्यांच्या ओव्यांवर बोलणारं कुणी लागलं की मामा मला हाक मारून बोलवायचे.

आणि पाऊस. मृगाचे दिवस आले की दुकानात रेडिओंची रांग लागायची. "गावले पाऊस पडना का?" हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पत्राला आठवडा, तारेला पैसे, फोन गावात असला तर सरपंचाकडे. सगळ्यांत मोठी पंचाईत अशी की पावसाळ्यातच मध्यम लहरींची दशा वाईट होते. लांबवरच्या विजेचा प्रत्येक लखलखाट रेडिओत कडाडतो. ज्या दिवसांत आवाज सगळ्यांत जास्त हवा, त्याच दिवसांत तो सगळ्यांत कमी मिळायचा. त्यात उधन्याची स्वतःची खरखर. लूमच्या मोटारी चालू-बंद होताना, ढिल्या वायरिंगमधल्या ठिणग्यांनी, ट्यूबलाइटच्या चोकने मध्यम लहरींचा पट्टा भरून जायचा. एलिमिनेटरने त्यात भर घालायची. मी सांगायचो, जळगाव ऐकायचं तेवढ्या वेळेपुरते तरी सेल घाला. लोक घालायचे. चार सेलांचा खर्च म्हणजे काय, हे त्यांच्या पगाराकडे पाहिल्यावर कळतं.

माझं खरं काम मात्र जुळणीचं. दोन बँडच्या स्वस्त रेडिओत गँग, कॉइल, आयएफटी या आतल्या भागांची जुळणी कारखान्यातून येते ती ढोबळ. अहमदाबाद, राजकोट, मुंबई कशीही लागतात. दुबळं केंद्र पकडायचं तर जुळणी त्याच्याच जागी करावी लागते. आयएफटी ४५५ वर बसवायचे, मग आतली लहर ९६३ अधिक ४५५, म्हणजे १४१८ वर आणायची, मग फेराइटवरची कॉइल मेणातून सोडवून केसभर सरकवायची, मग ट्रिमर. मेण पुन्हा वितळवून कॉइल जागेवर चिकटवायची. बाकीची केंद्रं त्यात थोडी मागे जातात, चालेल. पुढच्या आरएफच्या जागी असलेला बीएफ १९४ हा ट्रान्झिस्टर दमलेला असेल तर बदलायचा. हे काम दिवसा करता येत नाही, कारण दिवसा जळगावच नसतं. सिग्नल जनरेटर मी घेतला तो पुष्कळ नंतर. तोवर जुळणीची कामं मी संध्याकाळनंतरच हाती घेत असे. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं, आणि मी प्लास्टिकच्या पेचकसाने फिरवतोय. आवाज वर आला की त्याच्या चेहऱ्यावर कळायचं. मीटर बघायची गरज नसे.

रातपाळीवाल्यांवर यात अन्याय होता. जळगाव लागायच्या सुमाराला त्यांची पाळी सुरू व्हायची. लूमच्या खात्यात शेजारच्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही, तिथे रेडिओ कसला. पाळी बदलली की एका अर्ध्या खोलीला जळगाव मिळायचं, दुसऱ्या अर्ध्या खोलीचं जायचं. पहाटही दिवसपाळीचीच. सहाला काही मिनिटं कमी असताना आकाशवाणीची संकेतधून वाजते. ती वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने बांधली, तोही युरोपातून घर सोडून मुंबईत आलेला. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं आणि त्यानंतर ती धून मला आणखी जवळची वाटली. हिवाळ्यात सूर्य उगवेपर्यंत जळगाव टिकायचं. रातपाळी सुटायला अवकाश असायचा, दिवसपाळी उठून तोंड धूत असायची. सातनंतर प्रादेशिक बातम्या लागायच्या पुणे केंद्राच्या, त्यांत सुधा नरवणे यांचा आवाज आमच्या पिढीला पाठ. तोवर ऊन चढायला लागलं असेल तर बातम्या अर्ध्यावर विरून जायच्या.

आखाजीच्या किंवा कानबाईच्या सणाला गावी जाताना हाच रेडिओ बरोबर असायचा. भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीला ट्रान्झिस्टर लावून कुणी ना कुणी बसलेलं असे. बारडोलीला नुसती खरखर. नवापूरला, जिथे एकाच फलाटावर गुजरात संपून महाराष्ट्र सुरू होतो, तिथेही काही नाही. नंदुरबारच्या आगेमागे कुणीतरी खोल विहिरीतून बोलल्यासारखं, आणि दोंडाईच्यापासून पुढे भर दुपारीही स्वच्छ, घरातल्यासारखं. डब्यातल्या म्हाताऱ्या बाया त्या आवाजावरून सामान आवरायला घ्यायच्या.

फर्माईशीच्या पोस्टकार्डांचं मला आजही अप्रूप वाटतं. लोक उधन्याहून जळगावला कार्डं टाकायचे. लिहिता न येणारे दुकानात येऊन माझ्याकडून लिहून घ्यायचे. गाणं कोणतं याची फारशी फिकीर नसे, नावं सगळी आली पाहिजेत एवढंच. खोलीतली सगळी नावं, पुढे मूळ गाव, पुढे "हल्ली मुक्काम उधना". उधन्यातल्या दहा जणांना ते नाव ऐकू जाई. पण खरं तर ते गावच्यांसाठी असे. पोरगा सुखरूप आहे, हे आईला कळायचं ते केंद्राकडून. एखाद्या केंद्राची सेवा किती दूर पोहोचते हे अभियंते मनोऱ्याभोवती वर्तुळ काढून सांगतात. जळगाव केंद्राचं वर्तुळ तसं काढता येणार नाही. त्याचे श्रोते तापीच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत गेले होते.

नव्वदचं दशक आलं ते एफएम घेऊन. आकाशवाणीने १९८४ मध्ये नागरकोविलला पहिलं स्थानिक केंद्र काढलं आणि पुढे देशभर जिल्ह्यांच्या ठिकाणी अशी एफएम केंद्रं उभी राहिली. सुरतेला १०१.१ मेगाहर्ट्झवर आलं, खान्देशात धुळ्याला १००.५ वर. एफएमचं मी पहिल्या दिवसापासून कौतुक केलं. लूमच्या ठिणग्यांचा, चोकचा, विजेचा त्याला उपद्रव नाही. उधन्यात इतका स्वच्छ आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. जुन्या रेडिओंत एफएमचं किट बसवून देण्याचं काम मला पुढची काही वर्षं पुरलं. सुरत केंद्राच्या गुजराती कार्यक्रमांनी आमच्या घरातल्या बायकांना आणि मुलांना या शहराची भाषा शिकवली, हे ऋण मी मानतो. पण एफएम नजरेच्या रेषेत चालतं. धुळ्याचं एफएम दोनशे किलोमीटरांवरून, मधले डोंगर ओलांडून उधन्यात येणार नाही, मी कितीही उंच एरियल लावली तरी. नव्या केंद्राचं क्षेत्र खरोखरच वर्तुळाएवढं झालं. वर्तुळाबाहेर राहायला गेलेली माणसं त्यातून वगळली गेली. कुणी ठरवून हे केलं नाही, पण झालं.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा जे दिसलं ते सांगायला हवं. काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. उधना स्टेशनवर मुंगीला जागा नव्हती. जे राहिले, त्यांच्या दोनच चौकशा होत्या: इथे काय चाललंय आणि गावी गेलेले पोहोचले का. पहिलीचं उत्तर स्थानिक बातम्यांत मिळे. दुसरीसाठी रात्री रेडिओ पुन्हा त्या पूर्वेच्या फळीवर गेला. ऑगस्ट २००६ च्या पुरातही असंच. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, तापीकाठचं बहुतेक शहर बुडालं, वीज गेली, मोबाइल मुके झाले. सेलवर चालणारा रेडिओ तेवढा बोलत राहिला. पाणी ओसरल्यावर अडाजण-रांदेरकडून चिखलाने भरलेले रेडिओ दुकानात आले, ते धुऊन, वाळवून, जेवढे झाले तेवढे चालू करून दिले.

त्या सुमारालाच खासगी एफएम वाहिन्या सुरतेत आल्या आणि मोबाइलमध्ये एफएम आलं. मोबाइलमध्ये एफएम आलं, पण मध्यम लहरी आल्या नाहीत. माझ्या मते जळगाव केंद्राच्या इतिहासातली उधन्याच्या बाजूने सगळ्यांत मोठी घटना हीच आणि तिची नोंद कुठे सापडणार नाही. नव्या पिढीच्या हातातल्या रेडिओला ९६३ हा आकडाच नव्हता. फेराइटचा दांडा मोबाइलच्या जाडीत बसत नाही, आतल्या प्रोसेसरची खरखर मध्यम लहरींना टिकू देत नाही, ही तांत्रिक कारणं खरी आहेत. पण त्यामुळे ज्या माणसाने पंचवीस वर्षं जळगाव ऐकलं, त्याच्या मुलाला ते केंद्र आहे हेही माहीत नाही, हेसुद्धा खरं आहे. पुढे देशभर मध्यम लहरींचे कितीतरी जुने प्रक्षेपक बंद होत गेले. वीज फार खातात, सुटे भाग मिळत नाहीत. मी स्वतः सुटे भाग शोधत हिंडलेला माणूस आहे, ती अडचण मला कळते.

आता आकाशवाणीचं ॲप आहे, न्यूज ऑन एअर. त्यावर दोनशेहून अधिक केंद्रं ऐकता येतात, जळगावही. मी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर ते घालून देतो आणि भरदुपारी, पावसाळ्यात, लूमच्या शेजारी जळगाव स्वच्छ लागतं. पहिल्यांदा ऐकून माणसं हरखतात. ज्यांच्या घरात साधा मोबाइल आहे, ज्यांचा डेटा मुलाच्या हातात आहे, त्यांना मात्र याचा उपयोग नाही. आणि ॲप एकट्याच्या कानात वाजतं. खोलीतला रेडिओ सगळ्यांचा होता, त्यामुळे त्यावर जे आलं त्याबद्दल सगळे बोलायचे.

म्हणून मला वाटतं, आता उधन्याने दुसऱ्याच्या केंद्राकडे तोंड करून बसण्यापेक्षा स्वतःचं केंद्र काढावं. कम्युनिटी रेडिओचा कायदेशीर मार्ग २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सामाजिक संस्थांना खुला आहे. सातारा जिल्ह्यात म्हसवडसारख्या दुष्काळी गावात 'माणदेशी तरंग' हे बायकांनी चालवलेलं केंद्र उभं राहिलं. अशा केंद्राला शंभर वॅटची ताकद, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि दहा-बारा किलोमीटरचा पल्ला. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, नवागाम हा सगळा पट्टा त्यात बसतो. इथे महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, जुन्या नोंदणीची मंडळं आहेत, कानबाईचा उत्सव आहे, अहिराणीत बोलणारी आणि गाणारी तरुण मुलं आहेत. दिवसपाळी सुटण्याची वेळ कोणती, कुठल्या रुग्णालयात कुठलं कार्ड चालतं, गावाकडे जाणाऱ्या गाडीला किती उशीर आहे, कोणत्या तालुक्यात पेरणीजोगा पाऊस झाला, एवढं जरी त्यावर अहिराणीत आणि मराठीत सांगितलं गेलं तरी ऐकणाऱ्यांची वाण पडणार नाही.

अर्ज दिल्लीला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे करायचा असतो. संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षांची हवी आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत. सुरतेतल्या मराठी मंडळांपैकी ज्यांची अशी नोंदणी आहे त्यांनी हे मनावर घ्यावं. एरियल, केबल आणि यंत्रांची देखभाल मी विनामूल्य करीन, आणि हाताखाली दोन मुलंही तयार करीन.